टेबलापासून लांब

"यल्ला, लवकर भाय, ट्रक उभा हाय! हफ्र अल बातिनच्या इस्पितळात सलाइन खलास झालंय," अदनान दारातूनच ओरडला. आत यायची त्याची छाती नव्हती. तपासणी चालू असताना कादिर मुकादम सख्ख्या बापालाही टेबलाजवळ उभं करणार नाही, असं सगळे चेष्टेनं म्हणत.

आखातातल्या अल खर्जच्या सलाइनच्या कारखान्यात बारा वर्षं कादिरचं हेच काम. जंतू मेले तरी त्यांचं विष मागं उरतं आणि रोग्याच्या जिवावर बेततं. ते शोधायला काचेच्या नळ्यांत सलाइन आणि औषध मिसळून सदतीस अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, मग नळी उलटी करायची. आतलं दह्यासारखं धरून राहिलं तर विष आहे. ओघळलं तर सलाइन चांगलं. पण त्या तासात धक्का लागला की विरजण मोडतं, ते पुन्हा धरत नाही.

आज पंचावन्नाव्या मिनिटाला लढाऊ विमानं छपरावरून गेली आणि टेबल थरथरलं. कादिरनं नळ्या उलट्या केल्या. सगळ्या ओघळल्या, पडताळ्यासाठी मुद्दाम विष घातलेलीसुद्धा. म्हणजे तपासणी फुकट गेली.

कोणी पाहिलं नव्हतं. सही ठोकून मोकळं होता आलं असतं. पाव तासानं, बारा वाजता, दाभोळहून घरचा फोन यायचा होता. अब्बांच्या घशाला कॅन्सर. आवाज आता चार दिवसांचा सोबती, असं डॉक्टर म्हणाले होते. युद्धामुळे घरी जायची विमानं बंद. बहीण हाजरा त्यांना पोस्टात फोनजवळ नेऊन बसवणार होती.

कादिरनं औषधाची शेवटची कुपी फोडली आणि पाण्यात कालवली. ट्रंक कॉल कधी वेळेवर येतो? तो नळ्यांत थेंब सोडत असतानाच अदनान धावत दाराशी आला.

"भाय, दाभोळचा फोन! अब्बा लाइनवर हायत!"

कादिर आता उठला तर कालवलेली कुपी वाया, आणि दुसरी कुठून आणणार?

"तू बोल. सांग, आलोच."

नळ्या पाण्यात ठेवून तो ऑफिसकडे पळाला. अदनान रिसीव्हर हातात घेऊन उभा होता.

"सहा मिनिटं झाली, फोन कटला."

"काय म्हणाले?"

"त्यांना बोलवत नव्हतं, भाय. निस्ता श्वास ऐकू येत होता. मी आपला 'आलाच, आलाच' म्हणत राहिलो."

तासानं विष घातलेली नळी धरून राहिली, बाकीच्या ओघळल्या. कादिरनं सही केली आणि ट्रक गेला. पुन्हा कॉल लागला नाही.

युद्ध थांबलं, नव्या कुप्या आल्या, आणि मार्चमध्ये तार आली. नळ्या पाण्यात होत्या, वीस मिनिटं बाकी होती. कादिरनं तार वाचली: अब्बा गेले. त्याची हनुवटी थरथरू लागली. अदनान धीर द्यायला पुढं झाला, तशी त्यानं हातानंच त्याला थांबवलं.

मग तो स्टुलावरून हळूच उठला, टेबलापासून लांब, पार कोपऱ्यातल्या भिंतीशी जाऊन जमिनीवर बसला, आणि तिथं रडला.