धनश्रीच्या गुडघ्यातला मुंजा

अमावस्येच्या दुपारी बजरंग महाराजांच्या मठापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. तिसगाव, पाथर्डीकडची माणसं जिपा भरून आली होती, गुडघ्यातला मुंजा निघताना बघायला. गुडघा होता धनश्रीचा.

"बस, पोरी!" महाराज गरजले.

धनश्री उकिडवी बसता बसता किंचाळली. गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला सरकली होती. महाराजांनी भस्म फुंकलं, "सोड हाडाला! निघ!" म्हणत पाय सरळ ओढला. खट्! वाटी जागेवर. जयजयकार झाला. पिंपळ सोडून सुनेच्या गुडघ्यात बिऱ्हाड करणारा हा मुंजा मोठा इमानी, दर अमावस्येला न चुकता परत यायचा.

सासू विजयमाला पहिल्या रांगेत मानानं बसायची. धनश्रीचा गुडघा मात्र नंतर कितीतरी दिवस सुजलेला असायचा. दवाखान्याची बंदी होती. "सुई टोचली की मुंजा हाडात शिरंल," महाराजांनी बजावलं होतं.

एकदा कांदा काढताना वाटी सरकली. रानात ती एकटीच. कळ सोसत तिनं हळूहळू पाय लांब केला, आणि खट्! वाटी आपोआप बसली.

घरी आल्यावर तिनं सासूला सांगितलं. विजयमाला म्हणाली, "महाराजांनी तिकडून मंत्र मारला आसंल."

दुखलं तर मुंजा, थांबलं तर महाराज. धनश्रीला सुटायला वाटच नव्हती.

बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन ती निघाली आणि गुपचूप तिसगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. दर अमावस्येला वाटी सरकते हे ऐकून बाईंनी हाडाचा सांगाडा दाखवला. "वाटी या खाचेतून वर-खाली सरकते. तुझी खाच उथळ आहे. गुडघा वाकला की वाटी निसटते, पाय सरळ केला की बसते. पण दरवेळी आतली कूर्चा, हाडावरची मऊ गादी, घासली जाते. दर अमावस्येला मुद्दाम उकिडवं कोण बसवतंय?"

धनश्रीला रडू फुटलं.

पुढच्या अमावस्येला तिला पुन्हा उभं केलं. ती बसली, वाटी सरकली. महाराज पायाकडे वाकले, तशी तिनं दोन्ही हातांनी नडगी घट्ट धरली.

"महाराज, पायाला हात लावू नका. निस्ता मंत्र म्हना."

"पाय सोड, पोरी!"

"मुंजा मंत्रानं जातो ना? मंग वाकड्या पायातनं काढा."

महाराजांनी मंत्र म्हटला. भस्म उडवलं. आवाज चढवला. धनश्रीच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ पांढरे पडले होते. पण हात सुटले नाहीत. वाटी तिथंच. गर्दीत कुजबूज सुरू झाली.

"मुंजा लई चिवट हाय," महाराज पुटपुटले.

"मुंजा न्हाईच," धनश्री म्हणाली. तिनं हात सोडले, पाय सावकाश लांब केला. खट्! "ह्ये बघा. मी कुठला मंत्र म्हनला?"

महाराज मठात गेले आणि दार लावून घेतलं.

धनश्रीचा गुडघा काही बरा झालेला नाही. पट्टा बांधून ती मांडीचे व्यायाम करते. जिना चढताना अजून धास्ती वाटते. त्या दिवशी मठातून परतताना जीपमध्ये विजयमालानं खालच्या आवाजात विचारलं, "दर येळी लई दुखत हुतं का गं?"

एवढ्या गर्दीत हा प्रश्न आजवर कुणालाच सुचला नव्हता. चमत्कार पाहायला जाल तेव्हा हात जोडण्याआधी, तो ज्याच्या अंगावर होतोय त्याला एवढं विचारा. आणि मग त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.