मल्सुनचा उजवा हात

मुखो बंदरावरच्या चढावर राहणाऱ्या मल्सुनचं मनगट चौऱ्याहत्तराव्या वर्षी मोडलं. दाराबाहेर बर्फावरून पाय घसरला, असं तिने डॉक्टरांना सांगितलं आणि लेकीलाही. खरं तर नवऱ्याने, दोकसूने, घरात चोर शिरला समजून तिचा हात पिरगाळून तिला ढकललं होतं. माणसं ओळखेनासा तो अलीकडे झाला होता. बायकोवर हात उचलायची सवय मात्र तरुणपणापासूनची.

ऑपरेशन करून मनगटात प्लेट बसवली. लेकीने, युनजूने, बापाला वृद्धाश्रमात ठेवलं.

"तुझा हात बरा होईपर्यंतच हं, आई. बाबा सारखं घरी ने म्हणतात गं."

पट्टी निघाली तेव्हा हात परक्याचा वाटत होता. बोटं सुजलेली, मूठ मिटेना. फिजिओथेरपीवाली ह्येरिम मनगट हळूहळू वाकवायची, ओला टॉवेल पिळायला लावायची.

"घरीही रोज करा, आजी. आता टाळलंत तर सांधा आखडून बसेल."

मल्सुन मान डोलवायची. घरी मात्र हात मांडीवर टाकून टीव्हीपुढे बसून राहायची. लग्न झाल्यापासून इतकी निवांत झोप तिला कधी लागली नव्हती.

ह्येरिमला संशय आलाच. "खरं सांगा आजी, घरी काहीच करत नाही ना?"

मल्सुन म्हणाली, "हात बरा झाला की नवऱ्याला घरी आणणार आहेत."

ह्येरिमला उमगलं. तिने दुखरं मनगट दोन्ही हातांत धरलं. "मोडला कसा, ते लेकीला सांगा. त्यापायी हात कशाला घालवता?"

"बाप आहे तिचा. तिला काय सांगू?"

मेअखेरीस दोकसू तिकडेच न्यूमोनियाने गेला. पाहुणे पांगल्यावर मल्सुनने टॉवेल भिजवला आणि पिळायला घेतला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पाणी जेमतेम ठिबकलं. दुसऱ्या दिवशी ती ह्येरिमकडे गेली.

"उशीर झाला का गं?"

"थोडा सुधारेल," ह्येरिम म्हणाली. "पहिल्यासारखा नाही व्हायचा."

तेवढंच झालं. हिवाळ्याच्या तोंडावर किमचीचं लोणचं घालायला युनजू आली. कोबीच्या पानांना मसाला चोळायला आईचा हात वळेना, तेव्हा ती करवादली, "सांगितलेला व्यायाम वेळेवर केला असतास तर?"

"कंटाळा यायचा," मल्सुन म्हणाली आणि डाव्या हाताने मिठाचं भांडं तिच्याकडे सरकवलं.