कृष्णेच्या पाण्यात करडगी

रात्रीचा गळ टाकायला मी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी शिकलो, आणि तेही चोरून. आमचं लिंगायताचं घर. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. माझी आई नीलम्मा, तिला आम्ही अव्वा म्हणतो, सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसे. अशा बाईच्या पोटी मी आलो आणि मला मासे धरायचं याड लागलं. खायचं नव्हे, नुसतं धरायचं. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

शिरोळात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून चमनचं सायकलचं. आम्ही दोघं एका वर्गातले, एकाच बाकावरचे. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात एका सकाळी चमननं पिशवीतून एक मुंडकं काढून माझ्या पुढ्यात धरलं. शिवडा माशाचं. लांब मिशा, कानापर्यंत फाटलेला जबडा आणि आत दाताला लागून दात. असलं जनावर आपल्या कृष्णेत, आपण पोहलो त्या पाण्यात फिरतं, हे मला पटेचना. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी चमनच्या मागंच लागलो.

त्यानं शिकवलं ते सगळं दटावून. शिवडा रात्री चरायला काठाजवळ येतो, म्हणून आपण रात्रीच जायचं. बॅटरी पाण्यावर मारायची नाही. पाय आपटायचे नाहीत. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, जाड घ्यायचा, पण गळाच्या वर हातभर तार बांधायची, नाहीतर दातानं तंगूस कापून जातो. मी फुशारकीनं मोटरची तांब्याची तार नेली. चमन म्हणाला, "ही वायर तुझ्या मोटरला ठेव, मास्तर. दोन झटक्यात तुटंल." त्यानं सायकलच्या ब्रेक वायरीचे पदर सोडवून त्यातल्या दोन तारा पिळून दिल्या. गळाला जिवंत बेडूक, वर शिसं, आणि हातातल्या तंगूसाला एक घुंगरू. घुंगरू नुसतं थरथरलं तर कासव समजायचं. एकदम गप्प होऊन तंगूस सरकायला लागला तर शिवडा.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे रात्री पाण्यात पाय घालायचा नाही. आमच्या पट्ट्यात मगरी आहेत. त्याच महिन्यात एका धनगराची शेळी पाणी पिताना ओढून नेली होती. आम्ही पुरुषभर उंच काठावर बसायचो.

आता माझा एक मूर्खपणा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. गळ्यात लिंग असताना बेडकाला गळ टोचायला माझा हात धजेना. लिंग काढून ठेवणं तर शक्यच नव्हतं. ते मरेपर्यंत अंगावर राहायचं. मग मी पळवाट काढली. शर्ट काढायचा आणि लिंगाची चांदीची डबी, आमच्याकडं तिला करडगी म्हणतात, ती दोऱ्यासकट फिरवून पाठीवर घ्यायची. पुढं काय चाललंय ते देवाला दिसायला नको. चमन हे बघून एकदाच म्हणाला, "देवाला पाठीमागनं दिसत न्हाय व्हय?" मी त्याला गप्प बस म्हणालो.

ते लिंग माझ्या आज्याचे गुरू स्वतः बांधून गेले होते, माझ्या जन्माच्या आठव्या दिवशी. अव्वानं मला लहानपणी एकच धाक घातला होता. "हे हरवलं तर तू जेवायचं न्हाईस आणि मीबी न्हाई." आणि ती बोलेल ते करणारी बाई होती.

मे महिन्यातली अमावस्या होती, नुसता चांदण्यांचा उजेड. पाणी आटून काळं आणि संथ झालेलं. मी बेडूक लावला, उभा राहिलो आणि तंगूस डोक्याभोवती गरगर फिरवला, जसा नेहमी फिरवायचो. तिसऱ्या फेऱ्याला मानेला हिसका बसला. काहीतरी तटकन तुटलं. शिसं सूं करत पाण्यावर गेलं आणि एकाऐवजी दोन आवाज आले. डुबुक, डुबुक.

माझा हात छातीवर गेला, मग पाठीवर. पाठ रिकामी होती.

"चमन," मी म्हणालो, "करडगी गेली."

"कुठं गेली?"

"गळात अडकून गेली. पाण्यात."

चमन माझ्याजवळ सरकला. मग अगदी हळू म्हणाला, "वढू नगंस. दोरा गळात गुतला असंल तर ती गळालाच असंल. सावकाश घे. वीतवीत घे."

मी घ्यायला लागलो. वीतभर आलं, आणखी वीतभर. शिशाचं वजन मला पाठ झालं होतं, आणि त्याच्या पुढं आणखी काहीतरी जड लोंबत होतं हे बोटांना कळत होतं. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता, तेवढ्यात घुंगरू गप्प झालं. तंगूस माझ्याकडं यायचा थांबला आणि उलटा सरकायला लागला.

"शिवडा," चमन म्हणाला. "आईशप्पथ. चांदी हलताना बघून आला त्यो."

महिनाभर मी ज्याची वाट बघत होतो तो मासा लागला होता, आणि त्या क्षणी जगात मला दुसरं कुणी एवढं नको होतं. सोडला तर करडगी घेऊन जाणार. ताणला तर तंगूस तुटणार, तरीही करडगी जाणार. तंगूस बोटांत रुतून कातडं कापत होता. तो धावला की मी द्यायचो, थकला की घ्यायचो. किती वेळ गेला ठाऊक नाही. डोळ्यांपुढं अव्वाची रिकामी ताटली दिसत होती. मी मनात पंचाक्षरी म्हणत होतो आणि माशालाही हात जोडत होतो, बाबा रे, तू ये, नाहीतर देव तरी सोड.

तो काठाच्या दहा फुटांवर आला आणि तिथं सगळं अडलं. पाण्यात बाभळीची एक फांदी बुडालेली होती. मासा तिच्याखाली शिरला आणि तंगूस फांदीला वेढा घालून बसला. मी ओढलं, करकर आवाज आला.

"बास, बास!" चमननं माझं मनगट धरलं. "आता वढलास तर तुटतोय. कुणीतरी उतरून हातानं सोडवाय पायजे."

आम्ही दोघांनी पाण्याकडं बघितलं. पलीकडच्या मळीवर, काठच्या गाळाच्या रानात, दगड घसरल्यासारखा आवाज झाला. कदाचित दगडच असेल.

"तू जातोस का मी जाऊ?" चमननं विचारलं.

त्यानं सरळ विचारलं होतं. टोमणा नव्हता त्यात. आणि मी म्हणालो, "तंगूस माझ्या हातात हाय."

मला भीती वाटली. एवढंच. ती शेळी मी बघितली नव्हती, पण त्या क्षणी तिचे पाय मला दिसत होते. तंगूस त्याच्या हातात देता आला असता. तो माझ्यापेक्षा चांगला धरतो, हे दोघांनाही माहीत होतं. चमननं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं, चप्पल काढली आणि काठावरच्या झाडाच्या मुळ्या धरून खाली उतरला.

गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. एक हात तंगूसावरून फांदीखाली गेला. नंतर डोकंही गेलं. पाण्यावर फक्त वर्तुळं राहिली. मी मोजायला लागलो. अकरा झाले, बारा झाले. पलीकडं पुन्हा काहीतरी सरकलं आणि या वेळी पाण्यात पडल्याचा आवाज आला. मी ओरडलो, "चमन! भाईर ये! सोड ती करडगी!" मला वाटतं मी ओरडलो.

तो वर आला तो माशाचा कल्ला धरूनच. एका हातानं मुळी धरली, मी त्याच्या काखेत हात घालून वर खेचलं. मासा आणि माणूस दोघंही काठावर आडवे पडले. माझ्या मांडीएवढा शिवडा होता. तारेला तुटक्या दोऱ्याची गाठ बसली होती आणि तिला करडगी लोंबत होती. बंदच होती.

चमनची बोटं माशाच्या दातांनी फाटली होती. मी करडगी त्याच्यापुढं धरून काहीतरी बोलायला गेलो, तर तो मागं सरकला. "तूच सोडव. माझा हात नगं तिला." मग जरा वेळानं, "मासा मी नेनार बघ. आता ह्याला सोडतोय व्हय!" आम्ही दोघंही हसलो, पण ते हसणं टिकलं नाही. वाटेत लुनावर माझ्यामागं तो मासा मांडीवर आडवा धरून बसला.

घरी पोचलो तर पहाटेचे पाच वाजले होते. अव्वा उठून पूजेची तयारी करत होती. रात्रभर मोटर दुरुस्त करत होतो ही थाप मी तयार ठेवली होती, पण तिची नजर आधी माझ्या गळ्यातल्या ओल्या, गाठ मारलेल्या दोऱ्यावर गेली. मग मला काही लपवता आलं नाही. गळ, बेडूक, पाठीवरची करडगी, मासा, मी सगळं सांगितलं. वाटलं, आता ही विभूतीचं ताट फेकून देईल. उपास धरेल. मला घराबाहेर काढेल. मी त्या सगळ्याला तयार होतो.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "पान्यात कोन उतरलं म्हनालास?"

"चमन."

"मगरीच्या पान्यात?"

"व्हय."

"त्येचं पोरगं किती वर्साचं हाय?"

"शाहबाज? चार वर्साचा."

"आनि लिंग कुनाचं हुतं?"

"माझं, अव्वा."

"मग तू कुठं हुतास?"

"तंगूस माझ्या हातात हुता."

अव्वानं माझ्या गळ्यातली करडगी दोन बोटांनी उचलली, तिला लागलेला चिखल पदरानं पुसला आणि परत माझ्या छातीवर ठेवली.

"त्येच्या हातात द्यायचा हुतास," ती म्हणाली, आणि पूजेला बसली.