दादांची जहाजं

आमच्या खेळाच्या पुस्तिकेत नसलेला एक नियम आम्ही वर्षानुवर्षं पाळत आलो आहोत. ज्या जहाजाला हात लागला तेच चालवायचं. चुकून दुसऱ्याच्या जहाजाला लागला, तर आपली पाळी गेली. नियम दादांचा. दादा जन्मभर बंदरावर क्रेन चालवत होते. सुरुवातीच्या एका रविवारी बेकरीवाल्याने जहाज उचललं, विचार केला आणि पुन्हा जागेवर ठेवलं. तेव्हा ते म्हणाले, "उचललं की उचललं. हवेत लटकवून विचार करायचा नसतो. खाली माणसं असतात."

खाली माणसं नव्हती. पुठ्ठ्याचा निळा समुद्र होता आणि त्यात बेटं. पण दादांशी वाद कोण घालणार?

आम्ही चौघं. रविवारी बेकरी बंद असते, म्हणून दुपार कलली की तिच्या मागच्या खोलीत जमतो. पिठाच्या पोत्यांना पाठ लावून बेकरीवाला, खिडकीशी इस्पितळातली सिस्टर, तिच्या शेजारी दादा आणि दादांच्या डाव्या हाताला मी. मी ग्रंथालयात नोकरीला होतो. बोलतो कमी, आणि बोललोच तर सगळ्यांचं बोलून झाल्यावर, म्हणून सिस्टरने माझं नाव तळटीप ठेवलं आहे.

यंदा दादांचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं चालू आहेत, सिस्टरच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. पण पटावरची जहाजं वाटाण्याएवढी, आणि बंदरात ती एकमेकांना खेटून उभी. दादा एकाला हात घालत आणि तो लागे दुसऱ्याला. मग स्वतःचा नियम स्वतःला लावून ते मुकाट्याने भलतीच चाल खेळत, नाहीतर पाळी सोडून देत.

एका रविवारी असं लागोपाठ झालं, तेव्हा बेकरीवाल्याला राहवलं नाही.

"असू दे हो दादा. आपल्यातच तर आहोत. घ्या परत."

"का?"

"का काय, चुकून लागला."

"तुझा चुकून लागायचा तेव्हा देत होतो परत?"

बेकरीवाला पटाकडे बघू लागला.

"मला कच्चं लिंबू करू नका," दादा म्हणाले. "खेळायचं तर नीट खेळायचं. नाहीतर मी आजपासून बंद करतो. तुम्ही तिघं खेळा."

आवाज न चढवता बोलले, म्हणून आम्ही घाबरलो. दादा ओरडले तर कुणाला काही वाटत नाही. त्यांच्या घरी मुलगा-सून त्यांना फार जपतात. पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात. भांडायला त्यांना ही एकच खोली उरली आहे, आणि तीही ते सोडायला निघाले होते.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी ती माझ्याकडे का बघते, मला समजत नाही. मला जे सुचतं ते बहुतेक दुसऱ्या दिवशी सुचतं.

"दादा," मी म्हणालो, आणि थोडा वेळ घसा साफ करण्यात घालवला. "क्रेनवरून तुम्हाला खालचं सगळं दिसायचं?"

"सगळं कसं दिसेल? जहाजाच्या पोटातलं काय दिसणार? खाली एक जण उभा असतो, तो खुणा करतो."

"म्हणजे सांगणारा एक आणि उचलणारा दुसरा."

"मग?"

"मग आपल्याकडे दोन्ही कामं एकालाच का? ज्याची पाळी त्याने सांगावं, त्याच्या डावीकडच्याने उचलावं. सगळ्यांनीच. हात लागला तर नियम तोच."

दादांनी मला नीट पाहून घेतलं. माझ्या मनात काय आहे ते त्यांना कळलं असणार. मला काही लपवता येत नाही.

"आणि उचलणारा चुकला तर नुकसान कोणाचं?"

एवढा पुढचा विचार मी केला नव्हता.

"सांगणाऱ्याचं," सिस्टर म्हणाली. "माणूस बघून निवडायला हवा ना."

"निवडलाय कुठे, शेजारी येऊन बसलाय," दादा म्हणाले. मग पटावर वाकले. "माझं तांबडं. भिंतीकडचं. मोठ्या बेटावर ने."

माझा हात थरथरत नाही. पण लोक बघायला लागले की तो मला माझा वाटत नाही. तांबडं जहाज मी बरोबर धरलं, पण उचलताना शर्टाची बाही अडकली आणि बेकरीवाल्याचं पिवळं जहाज आडवं झालं.

सगळं माझ्यामुळे बिघडलं असं मला वाटलं.

"लागला," दादा म्हणाले.

"अहो, बाही होती ती," बेकरीवाला म्हणाला.

"बाहीत हातच असतो ना? गेली माझी पाळी." मग माझ्याकडे वळून, "अरे, तू पुस्तकं कशी काढत होतास? कपाट पाडून?"

सिस्टर हसायला लागली, आणि दादांचा आवाज जो चढला तो उतरलाच नाही. "सरपटत काय नेतोस? आधी वर घे. मग आडवा जा. मग खाली." मी वर घेई, आडवा जाई, आणि खाली येताना कशाला तरी लागे. एकदा बेकरीवाल्याची बायको दारातून डोकावून गेली, भांडण तर नाही ना बघायला. दादा इतके वाईट हरले की तसे ते त्यांच्या थरथरत्या हातानेही कधी हरले नव्हते.

"मग दादा, आजपासून बंद ना?" चहाचे कप गोळा करत सिस्टरने विचारलं.

"याला असाच सोडून?" दादा म्हणाले. "पुढच्या रविवारी जरा लवकर ये रे, तळटीप. खुणा शिकवतो. तोंडाने सांगितलेलं तुला कळत नाही."

मी मान हलवली आणि डब्यात भरायला जहाजं ओंजळीत गोळा करू लागलो.

"एकेक घे," दादा म्हणाले. "आणि वरून."