वर केलेला हात

माझा नवरा थेन रविवारच्या वर्गात चर्चच्या नावाचा अर्थ फार छान सांगायचा. ‘‘लोक आपल्याला मॉर्मन म्हणून मोकळे होतात. पण पूर्ण नाव घ्या! येशू ख्रिस्ताचं, अखेरच्या दिवसांतल्या संतांचं चर्च. एका घराला दोन मालक. एक तो, दुसरे आपण.’’ संत म्हटल्यावर मागच्या बाकांवरचे मेंढपाळ हसायचे. मी मात्र ते मनात धरून ठेवलं. मी आहेच तशी, दिलेला शब्द धरून बसणारी.

आमचं लाल विटांचं प्रार्थनाघर माझ्या वडिलांनी आणि सगळ्या गावानं मिळून बांधलं. लग्न लागलं ते मँटाय गावातल्या आमच्या चर्चच्या मोठ्या मंदिरात. ते पवित्रच, पण तिथं पांढऱ्या कपड्यांत, दबक्या आवाजात, पाहुण्यासारखं वावरावं लागतं. प्रार्थनाघरात आम्ही पाय पसरून जगलो. भांडलो, पोरांना दटावलं, कुणी गेलं की तिथल्याच स्वयंपाकघरात चीज घातलेल्या बटाट्यांचे ट्रे भाजले. आमचा मुलगा रीड एकोणिसाव्या वर्षी गेला, त्याला शेवटचा निरोपही तिथूनच दिला.

आमची मंडळी, तिला आम्ही वॉर्ड म्हणतो, शेजारच्या वॉर्डात मिसळणार आणि आमची इमारत पाडणार, अशी कुजबुज होती. असा बदल सभेत वाचून दाखवतात आणि लोक उजवा हात वर करून मान्यता देतात. विरोध आहे का, हेही विचारतात. पण विरोधाचा हात मी जन्मात पाहिला नव्हता.

शनिवारी जेवणानंतर मी थेनला म्हटलं, ‘‘उद्या वाचलंच, तर मी विरोध करणार. तू?’’

‘‘तुझ्याबरोबर.’’

‘‘नक्की? आयत्या वेळी शेपूट घालशील.’’

‘‘अगं, रीडच्या आईला एकटीला सोडीन का?’’

मला बरं वाटलं. मूर्खासारखं बरं वाटलं.

रविवारी भागातल्या सगळ्या वॉर्डांवरच्या अध्यक्षांनी निर्णय वाचला. मग हसून म्हणाले, ‘‘ब्रदर थेन यांचे विशेष आभार. नव्या इमारतीची जागा त्यांनीच वसंतात आमच्याबरोबर फिरून निवडली.’’

वसंतात! आता सफरचंदं उतरवून झाली होती. इतके महिने एका ताटाशी बसून या माणसानं मला ताकास तूर लागू दिली नव्हती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो गीतांचं पुस्तक चाळत होता.

‘‘मान्य असेल त्यांनी हात वर करावा.’’

पहिला हात थेनचा.

‘‘कुणाचा विरोध?’’

मी हात वर केला. माझा एकटीचा. मागे कुणाचं तरी बाळ तेवढं कुरकुरलं.

‘‘खाली घे,’’ थेन पुटपुटला. ‘‘चर्च ख्रिस्ताचं आहे, नेड्रा.’’

‘‘आणि आपलं?’’

माझा वर केलेला हात त्यानं हळूच धरला, खाली आणला आणि मांडीवर दोन्ही हातांत घट्ट मिटून ठेवला. अध्यक्षांची नजर आमच्यावरून पुढे सरकली. ‘‘सर्वांचं एकमत दिसतं,’’ ते म्हणाले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, आणि तेही भर सभेत, सगळ्यांच्या देखत.

सभा संपल्यावर शेजारची अफ्टन डोळे पुसत आली. ‘‘किती नशीबवान गं तू! या वयातही कसा हात धरून बसतो.’’

‘‘धरला नाही,’’ मी म्हटलं, ‘‘दाबला.’’

ती खुदकन हसली. तिला वाटलं, मी लाजतेय.