कपाटाची मूठ

जिना चढून ताई वर आल्या आणि दारातच थबकल्या. घराचं दार सताड उघडं, आणि आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात काडी उभा.

सगळे ज्याला काडी म्हणत तो हा, घरफोडीची शिक्षा भोगून सुटलेला. तुरुंगातून आलेल्यांना काम मिळवून देणं हे ताईंचं काम. याच्यासाठी तर त्यांनी समोरच्या कुलूपवाल्याचं डोकं खाल्लं होतं. "शेठ, माणसावर विश्वास टाकून तर बघा!" आणि वर स्वतःच अट घातली होती: हा एकटा कुणाच्या घरात जाणार नाही. गेला, तर काम बंद.

"तू? इथे?" ताई ओरडल्या.

"ओरडतेस काय!" आतून सासूबाई आल्या. "कचरा ठेवायला बाहेर गेले नि लॅच लागलं. गॅसवर दूध! जिन्याच्या खिडकीतून दुकानाकडे हाका मारल्या, शेठ जेवायला गेलेला, हा धावत आला. जांभई द्यायच्या आत दार उघडलं बाई! तुझ्या नवऱ्याला किल्ली असून जमत नाही."

ताईंनी सगळं ऐकलं. पण पाय तोवर आतल्या खोलीत पोचले होते आणि हात कपाटाच्या मुठीवर. बंद होतं. तरी ओढून पाहिलं.

वळल्या, तर काडी बघत होता. हातात करपलेलं पातेलं.

ताईंनी मुठीवरचा हात मागे घेतला. इतकी वर्षं लोकांना शहाणपण शिकवलं, आणि हा हात कुणाचा?

"बघून घ्या, ताई," तो हळूच म्हणाला. "मीही बघितलं असतं. पण शेठना कळलं तर..."

फोन वाजलाच.

"ताई, काडी तुमच्या जिन्यात शिरला म्हणतात. एकटाच?"

ताईंनी काडीकडे पाहिलं. "एकटा कुठला, शेठ? सासूबाई होत्या बरोबर. त्या चौघांना पुरून उरतात. अट मी घातली होती ना? मीच मोडली समजा."

"काय म्हणालीस गं?" सासूबाई.

काडीने घसा खाकरला. "ताई, राग मानू नका. हे लॅच बदला. नुसतं नावाला आहे."

"मग संध्याकाळी नवं आण. तूच बसव."

"मी?" त्याच्या हातून पातेलं निसटून खणखणलं.

"दूध गेलं ते गेलं," सासूबाई म्हणाल्या, "पातेलं तरी ठेव रे बाबा!"