यंत्रामागची पट्टी

कॉफीच्या पाकिटावर माझा फोटो छापायचा, असं नातीने ठरवलंय. खाली ओळ: ‘आजीच्या देखरेखीखालची कॉफी’. कालपासून मला घास गोड लागत नाही.

आमचा मळा उंचावर, जंगलाच्या सावलीत. थंडीमुळे फळं सावकाश पिकतात, म्हणून बी घट्ट. मी लग्न होऊन आले तेव्हा आमची कॉफी दहा मळ्यांच्या ढिगात मिसळून जायची. तिला आमच्या एकट्या मळ्याच्या नावाचं पोतं मिळावं, हा सासऱ्यांचा ध्यास. काम मात्र सगळं त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आत्यांच्या हातात. टाकीत आंबत ठेवलेल्या बिया त्या मुठीत चोळत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, "झाल्या. धुवा आता."

फळांची साल काढायचं यंत्र रोज धुण्याचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. मागची पट्टी काढून आत अडकलेल्या बिया वेचायच्या. एके दिवशी पाणी इतकं गार होतं की बोटं वाकेनात. मी वरून दोन बादल्या ओतल्या आणि शेगडीपाशी जाऊन बसले.

दोन महिन्यांनी कॉफी पारखणारे गृहस्थ आले. पाच कप मांडले. ते चमच्याने फुर्रकन भुरकायचे. आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आमच्या लहानपणी असं भुरकलं की पाठीत धपाटा बसायचा." मला हसू आवरेना.

चौथ्या कपाला ते थांबले, थुंकले. "कुजकी बी आलीय. आदल्या दिवशीची, यंत्रात राहिलेली. असल्या मालाला नाव नाही देता येणार."

सासऱ्यांनी पोत्यावरची तारीख वाचली. "त्याच्या आदल्या दिवशी यंत्र कुणी धुतलं?"

तारीख मला ओळखू आली. माझ्या तोंडून निघालं, "आत्यांनी."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "असेल. हल्ली नीट दिसत नाही मला."

"अक्का, कितीदा म्हटलं तुला, आता स्वस्थ बस," सासरे म्हणाले.

आत्यांची खुर्ची व्हरांड्यात गेली. शेडची किल्ली माझ्याकडे आली. ती देताना त्या एवढंच म्हणाल्या, "मागची पट्टी काढत जा गं. बी तिथेच अडकते."

मग मी एक दिवसही पट्टी चुकवली नाही. दोन वर्षांनी नावाचं पोतं मिळालं. सूनबाईच्या हाताला गुण आहे, असं सासरे चारचौघांत सांगत सुटले. आत्या खुर्चीतून कौतुकाने मान डोलवत. बियांचा आवाज तिथवर पोचत नसे. त्या गेल्या तेव्हा मी बोलले नाही, सासरे गेले तेव्हाही नाही. मग सांगायचं तरी कुणाला, अशी माझी सोय झाली.

आज नात कॅमेरा घेऊन आली. "आजी, पदर सारखा कर बघू."

"माझा नको. आत्यांचा जुना फोटो आहे, तो छाप."

"कुठल्या आत्या? त्या यंत्र न धुणाऱ्या?"

ती सहज म्हणाली. चाळीस वर्षं राबलेल्या बाईची या घरात एवढीच गोष्ट उरली होती, आणि तीही माझी.

"कॅमेरा ठेव. बस इथे," मी म्हटलं. "त्या दिवशी पाणी फार गार होतं..."

सुरुवातच सबबीने झाली. मी थांबले आणि पुन्हा सुरू केलं.

"यंत्र मी धुतलं नव्हतं."